एकालाच ओळखणारा रेणू

दुकानदार जांभळट दिव्याखाली नोट धरतो, तिच्यावरचे क्रमांक चमकतात आणि नोट गल्ल्यात जाते. हे रोज पाहणारा माणूस कधीतरी विचारतोच: याच दिव्याखाली दुधाचा पेला धरला, तर त्यात घातलेला युरिया दिसेल का? दिसणार नाही. पण का दिसणार नाही, आणि दिसावा म्हणून काय करावं लागेल, याचं उत्तर शोधताना रसायनशास्त्राची एक अख्खी शाखा उभी राहिली. एखादा पदार्थ समोर आला तरच चमकणारे, किंवा तो आला की रंग पालटणारे रेणू मुद्दाम घडवणं, हे त्या शाखेचं काम. अशा रेणूंना प्रोब म्हणतात. ते कसे घडवतात, ते या प्रकरणात पाहू.

१. दिव्याखाली काय चमकतं

नोटेचे आकडे चमकतात, कारण छापण्याच्या शाईतच तसा पदार्थ मिसळलेला असतो. नोटेचा कागद मात्र त्या दिव्याखाली निस्तेज राहतो. साधा पांढरा कागद धरला तर तो निळसर उजळतो, आणि बनावट नोट अनेकदा तिथेच पकडली जाते. साध्या कागदात पांढरेपणासाठी जे रसायन घालतात, त्याच जातीचं रसायन कपडे धुण्याच्या पावडरीतही असतं. एका पिढीला ते टिनोपाल या नावाने माहीत आहे. शेवटच्या पाण्यात चिमूटभर टाकलं की सदरे पांढरेशुभ्र निघत. नीळ कपड्यांचा पिवळेपणा झाकते. टिनोपाल डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून त्याच्या बदल्यात दिसणारा निळा प्रकाश देतं. या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात. फ्लुरोसन्स हा शब्दही आता सर्रास वापरात आहे.

स्वयंपाकघरातली हळद स्पिरिटमध्ये ढवळून या दिव्याखाली धरा, हिरवट-पिवळा उजेड दिसेल. मीठ, साखर, युरिया धरून पाहा, काही होणार नाही. शिसं आणि आर्सेनिकचे क्षारही पाण्यात विरघळले की तसेच मुके. फरक इलेक्ट्रॉनांचा आहे. हळदीतलं कर्क्युमिन किंवा टिनोपाल यांच्या रेणूत कार्बनची वलयं आणि एकाआड एक दुहेरी बंध असतात. त्यांवर काही इलेक्ट्रॉन सैलपणे पसरलेले असतात आणि दुकानातल्या दिव्याचा प्रकाश त्यांना उचलू शकतो. युरियाचा रेणू इवलासा, त्याचे इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेले. त्यांना हलवायला कितीतरी जास्त ऊर्जेचा प्रकाश लागतो.

यावर दुसरी अडचण अशी की दूध स्वतःच थोडं चमकतं. त्यातल्या रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा हिरवट उजेड असतो. म्हणजे दिव्याखाली दूध धरलं तर फार तर दूधच दिसेल. जो पदार्थ शोधायचा तो गप्प आणि ज्यात शोधायचा ते बोलकं, ही अवस्था दुधाचीच नव्हे, रक्ताची, पेशींची आणि गढूळ पाण्याचीही आहे. म्हणून बाहेरून एक तिसरा रेणू आणावा लागतो. त्याने नेमका हवा तो पदार्थ पकडला पाहिजे, आणि पकडल्याची वर्दी स्वतःच्या उजेडातून दिली पाहिजे.

२. उजेडाची ये-जा

पुढचं सगळं समजायला इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर ठेवा. पंप पाणी वर चढवतो, तसा प्रकाश रेणूतल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पातळीवर चढवतो. वर गेलेलं पाणी खाली येणारच. ते नळातून आलं तर उपयोगाचं. नळ म्हणजे रेणूने बाहेर टाकलेला प्रकाश. ते गळतीतून वाहून गेलं, तर रेणूची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विरून जाते आणि आपल्याला काहीच दिसत नाही. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या अब्जाव्या भागात, फार तर अशा काही भागांत आटोपतो.

वर चढवलेल्या शंभर बादल्यांपैकी किती नळातून परत येतात, त्यावर रेणूची चमक ठरते. फ्लुरोसीन हा रंग जर्मन रसायनज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवला. अल्कधर्मी पाण्यात त्याच्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक बादल्या नळातून येतात, म्हणून तो इतका झगझगीत दिसतो. बहुतेक रेणूंमध्ये सगळं पाणी गळतीतूनच जातं.

वर पोहोचताच थोडं पाणी सांडतंच. त्यामुळे बाहेर येणाऱ्या प्रकाशात आत गेलेल्या प्रकाशापेक्षा ऊर्जा कमी असते: अतिनील आत, निळा बाहेर, निळा आत, हिरवा बाहेर. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये हे दाखवलं, आणि ज्या रीतीने दाखवलं ती आजही हेवा वाटावी अशी आहे. त्यांनी उन्हाचे लोलकाने सात रंग पाडले आणि क्विनीनच्या द्रावणाची काचनळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबड्यात काही नाही, पिवळ्यात नाही, हिरव्यात नाही. जांभळ्याच्या टोकाशी आणि त्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना नुसता अंधार दिसतो, तिथे नळी निळी उजळली.

प्रोब घडवणाऱ्याचं काम इथून प्लंबरचं होतं. शोधायचा पदार्थ आला की गळती सुरू व्हावी किंवा बुजावी, अशी जोडणी त्याला करायची असते.

३. मिठाने विझणारं टॉनिक वॉटर

गळती सुरू करणं सोपं आहे, घरीही करता येतं. टॉनिक वॉटरच्या बाटलीत क्विनीन असतं, तिचा कडूपणा त्याचाच. दोन पेल्यांत ते ओता आणि फसफस निवू द्या, कारण मीठ पडताच उरलासुरला वायू उसळून फेस बाहेर येतो. खोलीत अंधार करून नोटा तपासायचा दिवा धरला की दोन्ही पेले आकाशी निळे दिसतात. आता एका पेल्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा. तो पेला डोळ्यांदेखत मालवतो.

मिठातला क्लोराइड आयन क्विनीनच्या वर चढलेल्या रेणूवर आदळतो आणि त्याची ऊर्जा वाटेतच निकालात काढतो. क्विनीन नष्ट झालेलं नसतं, क्लोराइडही खर्ची पडत नाही. दर वेळी नळाआधी गळती गाठते इतकंच. क्लोराइड जितका जास्त, तितका उजेड कमी. याच तत्त्वावर, क्विनीनच्या नात्यातले क्विनोलीन गटाचे रेणू वापरून, पेशींमधला क्लोराइड मोजला गेला. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात पेशींमधून होणारी क्लोराइडची वाहतूकच बिघडते, आणि तिच्या अभ्यासात या प्रोबनी बरीच मदत केली.

पण विझणाऱ्या प्रोबवर विश्वास ठेवणं जड जातं. उजेड कमी झाला, तो क्लोराइडमुळे, की रंग उन्हाने फिका पडला म्हणून, की कुणी द्रावण पातळ केलं म्हणून? पाऱ्याचे, तांब्याचे आयनही अनेक रेणूंचा उजेड विझवतात, तेही कशाचाच विधिनिषेध न बाळगता. तांबं उजेड विझवतं म्हणून ‘आमचा प्रोब तांबं ओळखतो’ असं म्हणणारे शोधनिबंध पुष्कळ आहेत. मला त्यांचं फारसं कौतुक वाटत नाही. अंधाराला शंभर कारणं असू शकतात. उजेड लागायला त्या मानाने कारणं फार थोडी. म्हणून चांगल्या प्रोबने आधी अंधारात बसावं आणि पाहुणा आला की उजळावं.

४. मुद्दाम ठेवलेली गळती

त्यासाठी रेणूत आधीच एक गळती ठेवून द्यायची, आणि शोधायचा पदार्थ नेमका त्या छिद्रावर येऊन बसेल असं करायचं. मूळचे श्रीलंकेचे आणि उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम केलेले रसायनज्ञ ए. प्रसन्न डी सिल्वा यांनी या युक्तीचं शिस्तशीर शास्त्र बनवलं. त्यांच्या रेणूचे तीन भाग असतात: एक चमकणारा, एक पकडणारा आणि त्या दोघांना जोडणारा छोटासा दुवा, बहुधा एकाच कार्बनचा.

सगळ्यात साधा नमुना घ्या. चमकणारा भाग अँथ्रासीन, म्हणजे डांबरातून मिळणारी तीन वलयांची पट्टी. पकडणारा भाग नायट्रोजनचा एक अणू. या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. अँथ्रासीनवर प्रकाश पडला, त्याचा इलेक्ट्रॉन वर चढला आणि खाली त्याची जागा रिकामी झाली, की शेजारच्या नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन चटकन त्या जागेत येऊन बसतो. वर गेलेल्याला परतायला जागाच उरत नाही. नळ कोरडा.

आता द्रावणात आम्ल घाला. आम्लातला हायड्रोजन आयन नायट्रोजनच्या मोकळ्या जोडीला जाऊन चिकटतो. ती जोडी बांधली गेली, आता तिला उडी मारता येत नाही. गळती बुजली आणि अँथ्रासीन निळं चमकू लागलं. आम्ल ओळखणारा प्रोब तयार!

या रचनेचा खरा फायदा पुढे दिसतो. नायट्रोजनच्या जागी वेगळा पकडणारा भाग बसवा, पदार्थ बदलेल. अँथ्रासीनच्या जागी वेगळा रंग बसवा, उजेडाचा रंग बदलेल. दोन्ही भाग बरेचसे स्वतंत्रपणे निवडता येतात. दुव्याच्या बाबतीत मात्र कंजुषी हवी. तो लांब झाला तर इलेक्ट्रॉनची उडी पोहोचत नाही आणि प्रोब कायमच चमकत राहतो. दुवाच काढून दोन्ही भाग एकजीव केले तर वेगळीच यंत्रणा सुरू होते. तिचाही उपयोग आहे, तो पुढे येईल.

५. कॅल्शियमचा पाठलाग

आतापर्यंत पकडणाऱ्या भागाविषयी मी घाईने बोललो. सगळं अवघड काम तिथेच असतं, आणि ते पाहायला कॅल्शियमइतकं चांगलं उदाहरण नाही.

स्नायू आकुंचन पावतो, मज्जातंतू पुढच्या तंतूला निरोप देतो, शुक्राणू शिरताच बीजांड जागं होतं, या सगळ्यात पेशीच्या आतलं कॅल्शियम क्षणभर वाढतं. पण वाढून किती होतं? विश्रांतीच्या वेळी पेशीच्या आतल्या रसात मोकळं कॅल्शियम सुमारे ०.१ मायक्रोमोलर असतं, म्हणजे लिटरला ०.००४ मिलिग्रॅम. खळबळीच्या वेळी ते १ मायक्रोमोलरच्या आसपास जातं. पेशीच्या बाहेर मात्र ते विश्रांतीच्या पातळीच्या सुमारे दहा हजार पट. आणि आत, त्याच रसात, कॅल्शियमचा सख्खा चुलत भाऊ मॅग्नेशियम हजारो पट जास्त. दोघांवरही दोन धन प्रभार, दोघांनाही ऑक्सिजनचं आकर्षण. प्रोबने मॅग्नेशियमच्या या गर्दीकडे ढुंकूनही न पाहता कॅल्शियमचे मोजके आयन वेचायचे आहेत.

रॉजर चेन यांनी हे काम हाती घेतलं. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली जन्मलेले चेन तेव्हा केंब्रिजमध्ये होते. ईजीटीए नावाचा एक जुना रेणू मॅग्नेशियमपेक्षा कॅल्शियमला कितीतरी घट्ट धरतो, हे आधीच माहीत होतं. त्याच्या रचनेत दोन नायट्रोजन आणि चार आम्लगट असतात. ते कॅल्शियमभोवती गोळा होतात तेव्हा मध्ये जी पोकळी तयार होते, ती त्याच्याच मापाची असते. मॅग्नेशियमचा आयन लहान. तो या पोकळीत सैल पडतो, सगळे गट त्याला एकाच वेळी शिवू शकत नाहीत.

मग अडलं कुठे? ईजीटीएच्या नायट्रोजनांना हायड्रोजन आयनची फार ओढ. पेशीच्या सामूला, म्हणजे साधारण ७ पीएचला, त्या दोन्ही जागा हायड्रोजननेच अडवलेल्या असतात. कॅल्शियमला आधी त्याला उठवावं लागतं, त्यात वेळ जातो. शिवाय पेशी किंचित आम्लधर्मी झाली की ईजीटीए कॅल्शियम सोडू लागतो. आम्लता बदलली, की कॅल्शियम बदललं, ते कळेनासं होतं.

चेन यांनी केलेला बदल कागदावर क्षुल्लक दिसतो. ईजीटीएमध्ये नायट्रोजनला लागून असलेल्या लवचिक कार्बनसाखळीच्या जागी त्यांनी बेंझिनची दोन वलयं बसवली. बेंझिन नायट्रोजनच्या मोकळ्या जोडीत वाटा मागतं. वाटा गेला की नायट्रोजनची हायड्रोजनवरची ओढ कमी होते आणि ७ पीएचला त्याच्या जागा मोकळ्या राहतात. पोकळीचं माप तेच, कॅल्शियमवरची पकड पुरेशी, मॅग्नेशियमपेक्षा कॅल्शियमला लाखपटीहून जास्त पसंती, आणि आम्लतेचा त्रास जवळपास संपलेला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या रेणूचं नाव बाप्टा. आज जगभर वापरात असलेल्या कॅल्शियम प्रोबपैकी पुष्कळांच्या पोटात तोच आहे.

बेंझिनचं वलय आणखी एका कामाला आलं. दुवाच नसलेल्या रचनेचा उल्लेख मघाशी केला, ती इथे आहे. कॅल्शियम बसलं की ते नायट्रोजनची जोडी वलयाकडून स्वतःकडे ओढून घेतं, आणि वलय कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतं तेच बदलतं. बेंझिनच्या जागी मोठी, चमकणारी वलयं लावली की झाला प्रोब. पहिला नाव घेण्याजोगा प्रोब होता क्विन-२. तो काम करत होता, पण मंद होता. दिसण्याइतका उजेड यावा म्हणून पेशीत तो इतका भरावा लागे, की जे कॅल्शियम मोजायचं त्यातलं बरंचसं तोच गिळून बसे. १९८५ मध्ये आलेला फुरा-२ त्याच्या तीसपटीपर्यंत तेजस्वी होता, आणि मग या क्षेत्राने वेग घेतला. चेन यांना २००८ चं नोबेल मिळालं ते जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनावरच्या कामासाठी, ओसामू शिमोमुरा आणि मार्टिन चाल्फी यांच्यासोबत. बाप्टासाठी मिळालं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती.

६. घट्ट पकड ही नेहमी चांगली नव्हे

नव्याने या विषयात येणाऱ्याला वाटतं, पकड जितकी मजबूत तितका प्रोब चांगला. थोडं गणित करून पाहू.

प्रत्येक प्रोबची एक खूणसंख्या असते: पदार्थाची ती तीव्रता, जिला प्रोबचे निम्मे रेणू भरलेले असतात. तिला क म्हणू. पकड घट्ट असेल तर क लहान. पदार्थाची तीव्रता त असेल, तर भरलेल्या रेणूंचा वाटा येतो त भागिले (त + क).

पेशीत कॅल्शियम ०.१ वरून १ मायक्रोमोलरवर जातं. क जर ०.२ असेल, तर विश्रांतीत ०.१ ÷ ०.३, म्हणजे ३३ टक्के रेणू भरलेले आणि खळबळीत १ ÷ १.२, म्हणजे ८३ टक्के. एवढा फरक सहज दिसतो. आता पकड दोनशेपट घट्ट करा, क ०.००१. विश्रांतीत ९९ टक्के आणि खळबळीत ९९.९ टक्के. पेशीत वादळ झालं तरी प्रोबचा उजेड जिथल्या तिथे. उलट पकड फार ढिली केली, क १००, तर ०.१ टक्क्यावरून १ टक्का. प्रोब जवळजवळ रिकामाच राहतो. फुरा-२ साठी क सुमारे ०.२२ आहे. हा निव्वळ योगायोग नाही, आकडा जुळला म्हणूनच तो रेणू टिकला.

रक्तात हेच गणित अगदी वेगळं उत्तर देतं. तिथे सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल आणि पोटॅशियम सुमारे ४. सोडियमच्या प्रोबची पकड मुद्दाम ढिली ठेवावी लागते, नाहीतर तो कायम भरलेला राहील. पोटॅशियमचा प्रोब मात्र पस्तीसपट सोडियमच्या गर्दीत पोटॅशियमवरच नजर ठेवणारा हवा. डी सिल्वा यांच्या पद्धतीने बनवलेले असे प्रोब रुग्णालयांतल्या लहान रक्ततपासणी यंत्रांमध्ये गेले. यंत्रात बसवायच्या छोट्या कॅसेटमध्ये प्रोबचा पातळ थर असतो, त्यावर रक्त येतं, प्रकाश पडतो, आकडा उमटतो.

७. पेशीच्या आत

बाप्टावर चार आम्लगट, म्हणजे चार ऋण प्रभार. पेशीचा पडदा स्निग्ध. प्रभार असलेला रेणू त्यातून जात नाही. एकेका पेशीत सुईने टोचून प्रोब भरणारे लोक होते, पण त्या वाटेने किती पेशी होणार?

चेन यांनी १९८१ मध्ये काढलेली तोड आजही जशीच्या तशी वापरतात. चारही आम्लगटांवर एस्टरची टोपणं बसवायची. प्रभार झाकले गेले की रेणू पडद्यातून आरपार जातो. आत पेशीची स्वतःची एन्झाइमं वाटच पाहत असतात, ती ही टोपणं कापतात. प्रभार उघडे पडतात आणि आता प्रोबला बाहेर पडता येत नाही. बाहेरून थोडासाच घातला तरी आत साचत जातो. टोपणं कापताना थोडं फॉर्मल्डिहाइड सुटतं, ही या युक्तीची एक बोचरी बाजू. पेशी सहसा ते सोसते.

८. एका उजेडापेक्षा दोन उजेड बरे

पेशी मध्ये जाड, कडेला पातळ. जाड भागात प्रोब जास्त, म्हणून तिथे उजेड जास्त, मग कॅल्शियम सारखंच का असेना. एकाच उजेडावर विसंबलं तर हा घोळ सुटत नाही.

फुरा-२ ची खरी कमाल इथे आहे. रिकामा असताना तो ३८० नॅनोमीटरचा प्रकाश चांगला घेतो, भरला की ३४० चा जास्त घेतो. बाहेर दोन्ही वेळा हिरवाच उजेड देतो. म्हणून आळीपाळीने दोन्ही प्रकाश टाकायचे आणि उत्तरांचा भागाकार करायचा. समजा पातळ भागात ३४० ला उजेड २०० आणि ३८० ला १००. भागाकार २. जाड भागात प्रोब दुप्पट, म्हणून ४०० आणि २००. भागाकार पुन्हा २. कॅल्शियम वाढलं तर पातळ भागात ३०० आणि ६० होतील, भागाकार ५. प्रोब किती आहे हा प्रश्नच वजा झाला. दिवा मंदावला, रंग थोडा विटला, तरी दोन्ही आकडे बहुतांशी सारख्याच प्रमाणात उतरतात.

मग सगळेच प्रोब असे का नसतात? अतिनील प्रकाश पेशीला सोसत नाही, आणि पेशीतले स्वतःचे काही रेणूही त्यात चमकतात. म्हणून १९८९ मध्ये आलेला फ्लुओ-३ निळ्या प्रकाशावर चालतो. त्यात बाप्टा आणि फ्लुरोसीनच्या घराण्यातला रंग एकत्र आहेत, आणि तो डी सिल्वांच्या तत्त्वावर अंधारातून उजळतो. दोन उजेडांचा भागाकार तिथे मिळत नाही, पण काळोखावर उमटलेली कॅल्शियमची लाट मात्र पडद्यावर लख्ख दिसते. काय मोजायचं आहे त्यावर निवड ठरते.

९. एकदाच चालणारे, आणि फ्लोराइडची अडचण

वरचे प्रोब पदार्थ धरतात आणि सोडतात. दुसरी जात अशी की पदार्थाशी रासायनिक क्रिया होते, एक बंध तुटतो आणि प्रोब कायमचा उजळतो. ऱ्होडामीन या गुलाबी रंगाच्या रेणूत एक जादा वलय मिटवून ठेवलं की तो रंगहीन आणि अंधारा होतो. अँथनी झार्निक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तांब्याचा आयन येताच हे वलय उघडून देणारा रेणू दाखवला. तांबं एरवी उजेड विझवतं, इथे त्याच्याच हातून दिवा लावून घेतला! हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी रंगाच्या तोंडावर बोरॉनचं टोपण बसवतात. पेरॉक्साइड ते उडवतं.

स्फोटकांसाठी मात्र मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या टिमथी स्वॅगर यांनी विझण्याचाच आधार घेतला आणि विझणं हजारपटीने ताणलं. त्यांचा चमकणारा भाग म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वलयांची लांबच लांब साखळी. शेकडो टाक्या एकाच पाइपावर असाव्यात तशी. टीएनटीचा एक रेणू कुठेही चिकटला की त्या एका भोकातून शेजारच्या सगळ्या टाक्या रिकाम्या होतात. फिडो नावाचं हातात धरायचं यंत्र यावरच चालतं.

फ्लोराइडसाठीही टोपणाची युक्ती आहे. सिलिकॉन आणि फ्लोरीन यांचा बंध अतिशय बळकट, म्हणून रंगाच्या ऑक्सिजनवर सिलिकॉनचं टोपण ठेवायचं. फ्लोराइड आलं की सिलिकॉन ऑक्सिजनला सोडून त्याच्याकडे जातो आणि रंग मोकळा होऊन चमकतो. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. दात पिवळे-तपकिरी पडणं आणि पुढे हाडं ताठरणं हे त्याचे परिणाम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. अशा गावात एक थेंब टाकून चमक पाहता आली, तर किती बरं.

फ्लोराइडच्या प्रोबवरचे निबंध ढिगाने आहेत आणि त्यांतली छायाचित्रं सुंदर असतात. छायाचित्राखालची ओळ मात्र नीट वाचावी. द्रावण बहुधा ॲसिटोनायट्राइल असतं, पाणी नव्हे. तिथे फ्लोराइड उघडा असतो आणि झटक्यात टोपण उडवतो. पाण्यात त्याच्याभोवती पाण्याच्या रेणूंचा इतका घट्ट गराडा पडतो की त्याला सिलिकॉनपर्यंत पोहोचायलाच फार वेळ लागतो. टोपण सैल बसवलं तर ते पाण्यानेच निघून येतं, विशेषतः अल्कधर्मी पाण्यात. आणि जास्त फ्लोराइडचं भूजल बहुधा अल्कधर्मीच असतं. साबणासारख्या रेणूंच्या गोळ्यांत प्रोब लपवून क्रियेचा वेग वाढवण्याचे प्रयत्न झाले आहेत, त्यांना काही प्रमाणात यशही आलं.

आकड्यांत पाहू. १.५ मिलिग्रॅम फ्लोराइड म्हणजे लिटरला सुमारे ७९ मायक्रोमोल. समजा त्याच पाण्यात बायकार्बोनेट ३०५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५००० मायक्रोमोल. प्रोबला आपल्या पदार्थाच्या साठपटीहून मोठ्या गर्दीत, क्षारयुक्त आणि अल्कधर्मी पाण्यात, ०.८ आणि १.६ यांतला फरक सांगायचा आहे. तोही काही मिनिटांत, कारण विहिरीवर उभा असलेला माणूस दोन तास थांबणार नाही. प्रयोगशाळा आजही हे काम इलेक्ट्रोडने करतात किंवा रंग फिका पडण्याच्या जुन्या परीक्षेने. फ्लोराइडचा नवा प्रोब हाती आला, तर मी आधी तो कोणत्या द्रावणात चालतो ते पाहीन, मग नुसत्या खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकून ठेवीन. त्यात तो उजळला, तर पुढची परीक्षा घ्यायचं कारण नाही.